अठरा चादरींचा हिशेब

सोलापूर

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात तुझ्या दुकानी आलो होतो, तेव्हा मागच्या खोलीत सुतळीने बांधलेला चादरींचा एक गठ्ठा दिसला. कोणाची ऑर्डर आहे म्हणून विचारले, तर तू सहज म्हणालास, "त्या वाटपातल्या उरलेल्या." दर शंभर फॉलोअर्समागे एक चादर स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना देण्याचे तू इन्स्टाग्रामवर जाहीर केले होतेस, पाच हजारांच्या अपेक्षेने ५० चादरी कारखान्यातून आधीच उचलल्या होत्यास, आणि आकडा बत्तीसशेवर अडल्यामुळे १८ चादरी तशाच राहिल्या. समोर गिऱ्हाईक होते म्हणून त्या वेळी बोललो नाही.

दिलेल्याची वाच्यता करूच नये, या मताचा मी नाही. चार जणांनी पाहिले तर पाचवा देतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. माझा आक्षेप तू घातलेल्या अटीला आहे. चादरी तयार होत्या, त्यांचे पैसे चुकते झाले होते, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली थंडी होती. तरीही अठरा माणसांना पांघरूण मिळायचे की नाही, हे कुठल्या तरी अनोळखी लोकांनी बटण दाबण्यावर ठरले. कुडकुडणाऱ्याचा तुझ्या फॉलोअर्सशी काय संबंध होता?

तू म्हणशील, ही योजना नसती तर त्या बत्तीस जणांनाही काही मिळाले नसते. ते खरे असेल, पण मग तिला जाहिरात म्हण. मी तीस वर्षे एका न्यासाच्या खतावण्या लिहिल्या, त्यामुळे रक्कम कोणत्या खात्यात पडते याकडे माझे लक्ष आधी जाते. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार स्वतःच्या मालाला बाजारात फायदा व्हावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व त्या खर्चात धरता येत नाही. हा नियम मोठ्या कंपन्यांसाठी आहे, तुझ्या दुकानाला तो लागू नाही. पण त्यातला भेद तुझ्याही वहीला लागू पडतो. त्या ३२ चादरी जाहिरात खर्चात टाक. धंद्याने जाहिरात करण्यात लाज कसली? एकच रक्कम गिऱ्हाइकाला दान म्हणून दाखवायची आणि स्वतःशी जाहिरात म्हणून मोजायची, हे मात्र बरे नव्हे.

व्हिडिओही पाहिला. त्यातल्या आजींच्या खांद्यावर चादर आधीच होती. ती तू काढून घेतलीस, मोबाइल धरणाऱ्याकडे वळून पाहिलेस आणि पुन्हा पांघरलीस. पहिल्या वेळी अंधारात नीट आले नसावे. आजी पूर्ण वेळ खाली पाहत होत्या. त्यांची परवानगी घेतली होती, असे तू सांगशील. पण चादर ज्याच्या हातात आहे त्याला 'नको' म्हणणे सोपे नसते. पुढच्या संक्रांतीला बालगृहात तिळगूळ वाटण्याचा तुझा बेत आहे असे कानावर आले, म्हणून आत्ताच सांगतो: काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करणे २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने गुन्हा ठरवले आहे. तिथे मोबाइल खिशातच राहू दे.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. आमच्या न्यासाने एका उन्हाळ्यात पाणपोई घातली, तिचा फलक मी हौसेने रंगवून घेतला, रांजण भरण्याचे काम मात्र कोणाच्याच नावे लिहिले नाही. आपल्याकडचा एप्रिल तुला माहीत आहे. दुसऱ्या आठवड्यात एक बिडी कामगार बाई कोरड्या रांजणात तांब्या घालून उभी असलेली मी पाहिली. वर आमचे नाव ठळक अक्षरांत होते. ज्या गावात सिद्धरामेश्वरांनी तळे खोदवले आणि त्यांच्या परंपरेने अन्नदान-सेवेसाठीच्या 'दासोह' या शब्दात देणाऱ्यालाच दास मानले, त्या गावात आमची ही तऱ्हा.

येत्या शनिवारी रात्री दहाला रिक्षा घेऊन तुझ्या दुकानाशी येतो. गठ्ठा बाहेर काढून ठेव, सुतळी सोडवून ठेव. स्टेशनबाहेर अंधारात गाठी सुटत नाहीत. वाटून झाल्यावर किती दिल्या तेवढा आकडा पेजवर लिही, बत्तीस आधीच्या आणि अठरा उशिराच्या, उशीर का झाला त्यासकट. रिक्षाचे भाडे मी देईन.

तुझा,
काका