जुन्या पिकअपच्या हौद्याचे बोल्ट नुसतेच गोल फिरतात, निघत नाहीत. काय करावे?

तुमची गाडी जुनी, जीपच्या चासीवरची पिकअप आहे, हौदा उतरवून खालचा गंज काढायचा आहे आणि बोल्टचे आटे गेलेत, असं तुम्ही लिहिलंय. आधी आटे खरंच गेलेत का ते बघा. बोल्टच्या डोक्यावर खडूने रेघ मारा आणि दुसऱ्या माणसाला खालून नट फिरवायला सांगा. रेघही फिरली तर आटे शाबूत आहेत, फक्त डोक्याखालची चौकोनी मान भोकात सैल झालीय. रेघ जागेवर राहून नट नुसताच फिरत असेल, तर आटे गेले.

मान सैल असेल तर काम सोपं आहे. गोल डोक्यावर ग्राइंडरने २-३ मिमी खोल खाच मारा, त्यात जाड स्क्रूड्रायव्हर किंवा बोथट छन्नी अडकवून धरा आणि खालून नट सोडा. हौद्याचा तळ पत्र्याचा असेल तर डोक्यावर एक जुना नट वेल्ड करणं त्याहून बरं: पाना लावायला जागा होते आणि तापल्यामुळे गंजही सुटतो. लाकडी फळ्या असतील तर वेल्डिंगच्या वाटेला जाऊ नका.

आटे गेले असतील तर नट आणि चासीच्या मध्ये छन्नी घालून नटला खाली दाबत फिरवा. एखाददुसरा आटा उरला असेल तर तो पकडतो. नाहीच पकडला तर वेळ घालवू नका, कापा. नटवर १ मिमीच्या चकतीने बोल्टला समांतर काप घ्या आणि छन्नीने नट उकला. चासीला चकती लागू देऊ नका. तिथे पडलेल्या खाचेतूनच पुढे चीर जाते. चकती पोचत नसेल तर हौदा आणि चासीमधल्या पॅकिंगच्या फटीत हॅक्सॉचं नुसतं पातं घालून बोल्ट कापता येतो. हाताला चिंधी गुंडाळा. ठिणग्या उडणार असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि इंधनाची टाकी उतरवून लांब ठेवा. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. ब्रेकचा पाइपही चासीला लागूनच जातो, त्यावर पत्र्याचा तुकडा झाका.

आता हे बोल्ट मुळात का बिघडतात ते. या जुन्या गाड्यांना बहुतेक ठिकाणी इंची माल आहे. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी, इंचात १६ आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५९ मिमी. दहाच्या, म्हणजे १० मिमीच्या (एम १०) नटची पिच १.५. त्यामुळे दहाचा नट त्यावर गुमान चढतो, ढिला का होईना, आणि करकचून आवळला की आटे खाऊन बसतो. पान्याचंही तेच. ३/८ ला पाना ९/१६ लागतो, म्हणजे १४.३ मिमी. चौदाचा बसत नाही म्हणून पंधराचा लावतात आणि नटचे कोपरे गोल होतात. जुन्या ट्रॅक्टरांना इंची बोल्ट लागतात, म्हणून ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टच्या दुकानात ते मिळण्याची शक्यता जास्त. नाहीतर सगळेच बोल्ट एम १० करा, पण नटासकट.

दुसरं कारण आपल्या भागातलं. रावेर-यावलकडे केळीला पोटॅश भरपूर लागतं, आणि म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. गोणीतून सांडलेला खडा फळीच्या फटीत ओल धरून बसतो आणि बोल्ट मानेपाशी बारीक होतो. खताची खेप झाली की हौदा खालूनही धुवा.

काही गाड्यांत आडव्या पट्टीला नट वेल्ड केलेला असतो. त्याचे आटे गेले तर मिस्त्री सहज म्हणेल, बाराचा टॅप मारू, म्हणजे भोक मोठं करून १२ मिमीचे नवे आटे पाडू. मारू देऊ नका. ३/८ चा नट बाहेरून १४.३ मिमीच असतो, बाराच्या भोकानंतर भिंत जेमतेम १ मिमी उरते आणि आवळताना नट फाटतो. तो नट घासून काढा आणि आरपार बोल्ट घालून खालून नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, ढिला न होणारा नट) लावा.

नवे बोल्ट बसवताना सैल झालेल्या भोकावर ४० × ४० मिमीची, ३ मिमी जाड पट्टी घ्या, मधोमध साधारण १०.५ मिमीचं चौकोनी भोक कानसीने करून. पत्र्याला ती वेल्ड करा, लाकडात फळी तेवढी खोदून स्क्रूने बसवा. खाली किमान ३० मिमीचा जाड वायसर. स्टीलचे, म्हणजे एसएसचे, बोल्ट घेऊ नका असं माझं मत: कोरडे आवळले तर आटे एकमेकांत चिकटतात आणि पुन्हा ग्राइंडरच काढावा लागतो. झिंकचा मुलामा दिलेले घ्या, आट्यांना ग्रीस लावा. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीत नवं भोक पाडू नका, हौदा चासीला वेल्डही करू नका. चासी रस्त्यावर पिळली जाते, वेल्ड तिला पिळू देत नाही आणि चीर तिथूनच पडते. जुनं भोक वापरण्यासारखं नसेल तर यू-बोल्ट लावा.

सगळे बोल्ट आधी हाताने लावा, केबिन आणि हौद्यामधली फट दोन्हीकडे सारखी करा, मग तिरप्या क्रमाने आवळा. पत्र्याच्या तळाला ८.८ ग्रेडच्या (बोल्टच्या ताकदीचा आकडा) एम १० साठी टॉर्क पान्यावर ४०-४५ न्यूटन-मीटर पुरे. लाकडावर वायसर फळीत रुतायला लागला की थांबा. पहिली भरलेली खेप झाली की पुन्हा पाना फिरवा, आणि लाकडी पॅकिंग असेल तर मे महिन्यात आणखी एकदा, कारण उन्हाने ते आकसतं.