तिसऱ्यांदा नीट, की मायक्रोबायोलॉजी?

प्रश्न : माझ्या मुलीने दोनदा नीट दिली, पण एमबीबीएसपुरते गुण मिळाले नाहीत. आता ती बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचा हट्ट धरून बसली आहे. जन्मभर लॅबमध्ये रक्त-लघवी तपासत बसणार का? तिसऱ्या प्रयत्नासाठी तिला आपण समजवावे. – एक पालक, कराड

उत्तर : आपल्या मूळ लांब पत्रात मुलीचे गुण आपण एका ओळीत उरकले आहेत, क्लासच्या फीसाठी काढलेल्या कर्जाचा हिशेब मात्र पाऊण पान व्यापतो, आणि त्या कर्जाची आठवण तिला जेवताना करून दिली जाते, असेही आपणच लिहिले आहे. कर्ज काढण्याचा निर्णय आपला होता. ते डॉक्टर होऊन फेडण्याची जबाबदारी तिच्यावर टाकणे अन्यायाचे आहे, आणि अशा दडपणाखाली दिलेल्या तिसऱ्या परीक्षेतून काही चांगले निघेल असे मला वाटत नाही. म्हणून तिला समजवण्याचे काम मी करणार नाही.

रक्त-लघवी तपासणारे तंत्रज्ञ बहुधा डीएमएलटीसारखा (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) वेगळा अभ्यासक्रम करून येतात. मायक्रोबायोलॉजीचे, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राचे, क्षेत्र त्याहून पुष्कळ मोठे आहे. मळीपासून अल्कोहोल बनवणारे यीस्ट, कडधान्याच्या बियाण्याला चोळायचे नत्र पुरवणारे रायझोबियम जिवाणू, पिण्याचे पाणी दूषित असल्याची खूण मानल्या जाणाऱ्या कोलिफॉर्म जिवाणूंची तपासणी, हे सारे त्यातच येते. इंजेक्शनच्या निर्जंतुकता चाचणीत नमुने जंतू वाढवणाऱ्या दोन वेगवेगळ्या पोषक माध्यमांत घालून चौदा दिवस ठराविक तापमानाला ठेवतात, रोगजंतूच नव्हे तर कोणताही सूक्ष्मजीव वाढून माध्यम गढूळ झाले की चौकशी सुरू होते आणि बॅच अडकते. रुग्णाच्या शिरेत जाणाऱ्या औषधाची ही राखण डॉक्टरच्या कामाहून कमी मोलाची कशी?

केवळ बी.एस्सी.वर सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे मात्र तिलाही स्पष्ट सांगा. एम.एस्सी. धरून पाच वर्षांची तयारी ठेवावी. संशोधनाकडे वळायचे असल्यास पुढे नेट किंवा गेट या परीक्षा आहेतच.

तिला हा विषय खरोखर आवडतो, की नीटपासून सुटका हवी आहे, एवढे नक्की पाहायला हवे. जिवाणू रंगवून त्यांचे गट ओळखण्याच्या ग्रॅम रंजनात अल्कोहोलने धुणे काही सेकंद लांबले, तरी जांभळे दिसायला हवेत ते जिवाणू गुलाबी दिसतात आणि सगळे पुन्हा करावे लागते. या चिकाटीची तिला गोडी आहे का? प्रवेशापूर्वी दोघांनी कॉलेजची प्रयोगशाळा पाहून यावी. प्रत्येकाला सूक्ष्मदर्शक हाताळायला मिळतो का, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) चालू स्थितीत आहे का, हे प्रश्न तिथे तिला विचारू द्या, आपण फक्त सोबत राहा.