शरणपूरहून मोम्बासाला शिकवायला

प्रश्न : माझे वय 24 असून गणित घेऊन बी.एस्सी. आणि नंतर बी.एड. केले आहे. गेली दोन वर्षे नाशिकमधील एका खासगी शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते आणि रविवारी आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूलचा वर्ग घेते. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांच्या ओळखीतून केनियात मोम्बासाजवळच्या एका मिशन शाळेने मला वर्षभरासाठी स्वयंसेवी शिक्षिका म्हणून बोलावले आहे. राहणे-जेवण त्यांच्याकडे, विमानभाडे माझे, पगार नाही. ‘जूनमध्ये या, पर्यटक म्हणून प्रवेश घ्या, बाकीचे इथे आल्यावर पाहू,’ असे पत्रात लिहिले आहे. हे देवाचे पाचारण आहे अशी माझी खात्री आहे आणि पाळकसाहेबांचाही आशीर्वाद आहे. पप्पा मात्र एवढेच म्हणतात, “सुरगाण्यात मुले नाहीत का?” मी काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही जावे असे माझे मत आहे, पण येत्या जूनमध्ये नाही, आणि हाती असलेल्या या पत्राच्या भरवशावर तर मुळीच नाही.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात तुमची तळमळ दिसते, पाळकसाहेबांचा आशीर्वाद दिसतो, पप्पांची काळजी दिसते. पण तिकडे कोणत्या इयत्तेला कोणता विषय शिकवायचा आहे, हे कोठेच दिसत नाही. शाळेने ते कळवले नसेल तर तुम्हीही ते विचारलेले नाही, असे मला त्यावरून वाटते. पाचारणाबद्दल मी शंका घेणार नाही, तो अधिकार माझा नाही. परंतु शिक्षिकेला आलेले पाचारण शेवटी एखाद्या वर्गात, एखाद्या विषयासाठी, आठवड्याच्या ठरावीक तासांसाठीच येते. म्हणून मुख्याध्यापकांना थेट पत्र लिहून विचारा, की सध्या गणित कोण शिकवते, मी आल्यावर त्या शिक्षकांचे काय होणार आहे, माझा वर्ग कोणता, माझ्यावर देखरेख कोणाची, आणि वर्ष संपवून मी परतल्यावर त्या मुलांना पुढे कोण शिकवणार आहे. माझ्या ओळखीचा एक तरुण असाच मोठ्या उत्साहाने परदेशातील एका मिशन शाळेत गेला होता. त्याला ठरलेला वर्गच नव्हता. कधी गाणी घे, कधी रंगकाम कर, कधी पाहुण्यांबरोबर फोटोत उभा राहा, असे करत तो चार महिन्यांत परतला आणि त्यानंतर दोन वर्षे मंडळीत फारसा बोलतही नव्हता. ते दुःख तुमच्या वाट्याला येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

नाशिकची मुलगी मोम्बासाला शिकवायला निघाली आहे, हे वाचून मला मात्र विशेष आनंद झाला, आणि त्याचे कारण नाशिकमधल्याच शरणपूरच्या इतिहासात आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1854 च्या सुमारास येथे ख्रिस्ती वसाहत वसवली. अरबी समुद्रात ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले पुढे याच शरणपुरात आणली गेली. ती येथे लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा आफ्रिकेचे प्रसिद्ध संशोधक-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या मोहिमेत होता. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाल्यावर दफनविधीचे पाठ त्यानेच वाचले, आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधील अंत्यविधीला शवपेटीबरोबर तोच गेला. 1875 मध्ये मोम्बासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वसाहत उभी राहिली तेव्हा नाशिकमध्ये शिकलेले हे लोक तिथे शिक्षक, उपदेशक आणि कारागीर म्हणून कामाला लागले. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना 1885 मध्ये पाळकपदाची दीक्षाही मिळाली. म्हणजे तुम्ही ज्या वाटेने जाऊ पाहता ती वाट शरणपूरच्या मुलांनी दीडशे वर्षांपूर्वीच पाडून ठेवली आहे. ते रिकाम्या हातांनी गेले नव्हते, प्रत्येकाच्या हाती शिकलेले एक काम होते, एवढे ध्यानात ठेवा.

आता पत्रातील ‘पर्यटक म्हणून या’ या वाक्याविषयी. हे वाक्य मला अजिबात आवडलेले नाही. केनियाने जानेवारी 2024 पासून पाहुण्यांसाठी व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे, ती मिळणेही अवघड नाही. पण ती पर्यटनासाठी आणि भेटीगाठींसाठी आहे, त्या परवानगीवर वर्षभर शाळेत शिकवणे नियमात बसत नाही, मग पगार मिळो अथवा न मिळो. धार्मिक व सेवाभावी संस्थांत काम करणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठी तेथे परवान्याचा वेगळा वर्ग आहे आणि त्याची खटपट बोलावणाऱ्या संस्थेनेच करायची असते. शिवाय तेथे शिक्षकांना शिक्षक सेवा आयोगाकडे नोंदणी करावी लागते; तुमच्या बाबतीत ती कशी होणार, हेही शाळेकडून लेखी मागवा. तुमची प्रमाणपत्रे परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करून घेणे आणि पासपोर्ट कार्यालयातून पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला काढणे ही कामे तुम्हाला इथूनच सुरू करता येतील. जी शाळा हा दाखला स्वतःहून मागते, ती मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करणारी शाळा आहे असे खुशाल समजा. जी शाळा परवान्याची गोष्ट टाळते तिचे निमंत्रण नम्रपणे नाकारावे. प्रभूच्या कामासाठी खोटे कारण सांगून सीमा ओलांडण्याची गरज नसते.

जून नको म्हणण्याचे कारण साधे आहे. तेथील शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते आणि तीन सत्रांत विभागलेले असते. जूनमध्ये पोहोचलात तर दुसरे सत्र निम्मे सरलेले असेल आणि तुम्ही कोणाच्या तरी वर्गात मध्येच उभ्या राहाल. त्यापेक्षा एप्रिलपर्यंत इथल्या मुलांची वार्षिक परीक्षा पार पाडा, शाळेला रीतसर आगाऊ सूचना द्या आणि जानेवारीत रुजू होण्याचे ठरवा. मधले आठ महिने वाया जाणार नाहीत, त्यांच्याविषयी पुढे लिहितो.

आरोग्याच्या बाबतीत एक गोष्ट चुकवू नका. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. ते नसल्यास विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची असते, ती घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि पुढे आयुष्यभर चालते. मोम्बासाच्या किनारपट्टीवर मलेरिया आहे, तेव्हा प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्या. पैशांबद्दल सांगायचे तर मंडळीने दिलेल्या अर्पणातून जाण्याचे भाडे जमले म्हणजे झाले, असे मानू नका. परतीचे भाडे वेगळ्या खात्यात, पप्पांच्याही नावाने ठेवा, म्हणजे उद्या अडचण आली तर कोणाच्या परवानगीची वाट न पाहता परतता येईल. वर्षभराचा वैद्यकीय विमा घ्या. आणि पासपोर्ट कोणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका, अगदी मुख्याध्यापकांच्यासुद्धा.

स्वाहिली आतापासून शिका. तुम्हाला ती वाटते तितकी परकी वाटणार नाही, कारण अरबीतून आलेले कितीतरी शब्द तिच्यात आणि आपल्यात सामाईक आहेत : पुस्तकाला ‘किताबू’, लेखणीला ‘कलामू’, बातमीला ‘हबारी’, आणि तुमच्या गणित विषयाला ‘हेसाबू’ म्हणजे आपला हिशेबच. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणून अभिवादन करतात आणि ते ‘मराहाबा’ म्हणून उत्तर देतात. मुले तुम्हाला ‘म्वालिमू’ म्हणजे शिक्षिका म्हणतील. वर्ग मुख्यतः इंग्रजीत चालेल, पण एखाद्या मुलीला अपूर्णांक का कळत नाही, हे ती तुम्हाला इंग्रजीत सांगू शकेलच असे नाही.

किनारपट्टीवर मुस्लिम वस्ती मोठी आहे, त्यामुळे मिशन शाळेतही मुस्लिम मुले असू शकतात. केनियाच्या अभ्यासक्रमात ख्रिस्ती, इस्लामी आणि हिंदू धर्मशिक्षण हे स्वतंत्र विषय आहेत. तुमच्याकडे गणित असेल तर गणिताच्या तासाला गणितच शिकवा. कोणी तुमच्या विश्वासाविषयी विचारले तर मोकळेपणाने सांगा, उपासनेत मनापासून सामील व्हा. पण गुण, खाऊ किंवा शिक्षिकेचा धाक यांच्या आडून कोणत्याही मुलाच्या श्रद्धेला हात लावू नका. तुमची साक्ष तपासलेल्या वह्यांतून आणि वेळेवर भरलेल्या वर्गातून दिसेल.

राहिला पप्पांचा प्रश्न, आणि तो मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटला. ते तुम्हाला अडवत आहेत असे समजू नका. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील पाड्यांवर घरात कोकणा बोलणारी मुले शाळेत मराठीतून गणित शिकतात. परकी भाषा, एका वर्गात अनेक पातळ्यांची मुले, अपुरी साधने आणि घरापासून दूर राहणे, ही मोम्बासाची सगळी तयारी तुम्हाला नाशिकपासून काही तासांच्या अंतरावर करता येईल. म्हणून मे ते डिसेंबर या काळात त्या भागात तासिका तत्त्वावर किंवा एखाद्या संस्थेमार्फत शिकवण्याचे काम शोधा. तिथे मन रमले नाही तर केनियातही रमणार नाही, हे आठ महिन्यांतच कळेल. तिथेच राहावेसे वाटले तर पप्पांच्या प्रश्नाला तुमच्याकडून उत्तर मिळाले, असे समजा आणि मोम्बासाला तसे कळवा. आणि जानेवारीत तुम्ही निघालातच, तर पप्पांना विमानतळावर बरोबर न्या.

प्रश्न : माझा मुलगा 19 वर्षांचा असून कॉलेजात आहे. सुटीत तीन आठवडे परदेशातील एका अनाथाश्रमात मुलांना इंग्रजी व बायबलच्या गोष्टी शिकवण्यासाठी एक संस्था त्याला नेणार आहे आणि त्यासाठी मोठे शुल्क मागते. मंडळीतील काही जण मदत करायला तयार आहेत. पाठवावे का?
– एक आई, देवळाली कॅम्प

उत्तर : ताई, पाठवू नये. तुमच्या मुलाच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु अशा आश्रमांतील अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे त्यांना तिथे ठेवलेले असते, आणि शुल्क देणारे पाहुणे येत राहतात तोवर त्या मुलांना घरी परत पाठवण्यात चालकांना रस उरत नाही. दर तीन आठवड्यांनी नवा दादा येतो, लळा लावतो आणि निघून जातो, हे लहान मुलाने किती वेळा सोसावे? प्रशिक्षण आणि चारित्र्य पडताळणी यांशिवाय अनोळखी तरुणांना मुलांमध्ये राहू देणारी संस्था मुलांची काळजी घेत नाही, हे तर उघडच आहे.

त्याला शिकवायची आवड असेल तर तुमच्याच मंडळीच्या संडे स्कूलमध्ये एक वर्ग वर्षभर त्याच्याकडे सोपवा, आणि पाळकांना सांगून त्याच्या वर्गात एखादी अनुभवी शिक्षिका मागे बसेल अशी सोय करा. जमवलेले पैसे देणाऱ्यांना परत करा, किंवा त्यांच्या संमतीने मंडळीतील एखाद्या मुलीच्या डी.एल.एड. या शिक्षक-प्रशिक्षण पदविकेच्या फीसाठी द्या.