रविवारीही साडेसहालाच

प्रिय बाय,

चवथीला गणपतीवर फळाफुलांनी बांधलेल्या माटोळीखाली बसून तू मला रिपोर्ट दाखवलास. आतून आई ओरडली, "बारा-बारा वाजेपर्यंत लोळते, म्हणून साखर वाढली!" तू खाली मान घालून विचारलंस, "सर, मग मी नेमकं किती झोपू?" घरात पाहुणे होते, मला बोलता आलं नाही. पण तो प्रश्न घेऊनच मी घरी आलो.

तुझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 5.9 टक्के आहे. 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठा. मधुमेह नाही, पण दार उघडं आहे. आणि हे दार आपल्याकडे फार उघडं असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 साली छापून आलेल्या पाहणीत देशात मधुमेहाचं प्रमाण 11.4 टक्के होतं आणि गोव्यात 26.4, सगळ्या राज्यांत जास्त. तुझ्या आजोबांचे पाय तू पाहिलेस. त्यामुळे काळजी घे वगैरे सांगत बसत नाही.

तू विचारलंस ते तासांबद्दल. सात-आठ तास झोपणाऱ्यांना धोका सर्वांत कमी दिसतो. त्याहून कमी झोपणाऱ्यांनाही तो वाढतो आणि जास्त झोपणाऱ्यांनाही. पण माझं सांगणं तासांचं नाहीच. उठायची वेळ एक ठेव. सोमवारी साडेसहा तर रविवारीही साडेसहा.

आता तुझा आठवडा बघ. रात्री एकपर्यंत मोबाइल, साडेसहाला उठून पणजीची बस. शनिवार-रविवारी दुपारी बारा. म्हणजे साडेपाच तासांचा फरक. हिवाळ्यात गोव्याच्या आणि लंडनच्या घड्याळात नेमकं एवढंच अंतर असतं. दर शुक्रवारी रात्री तू शरीराला लंडनला नेतेस आणि सोमवारी पहाटे परत आणतेस. मेंदूतलं मुख्य घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. यकृत, स्नायू, इन्सुलिन करणारं स्वादुपिंड, या सगळ्यांची आपापली घड्याळं आहेत. ती एकमेकांशी जुळली नाहीत, तर तोच भात, तीच कढी, पण साखर जास्त वेळ रक्तात राहते. रविवारी बाराला उठलीस की रात्री दोनपर्यंत झोप येत नाही, आणि सोमवारी साडेचार तासांतच उठावं लागतं. 1999 साली शिकागोत 11 निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं होतं. तेवढ्यानं त्यांची साखर पचवायची ताकद घसरली. तरुण होते ते, तुझ्यासारखेच.

राहिलेली झोप रविवारी "भरून काढते" म्हणालीस ना? तोच शब्द मीही वापरायचो. कार्तिकापासून शिमग्यापर्यंत जत्रांतली नाटकं. पडदा पहाटे चारला पडायचा, मी पाचला घरी, आणि शाळा नसेल त्या दिवशी दुपारपर्यंत झोप. लोक म्हणाले, मास्तराला नाटकानं मधुमेह झाला. साफ खोटं. माझ्या वडिलांनाही होता, आणि मी झोपायचो ते आळसानं नव्हे, रात्रभर उभा असायचो म्हणून. नाटकाचा मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो एवढाच, की 44 व्या वर्षी उपाशीपोटी साखर 112 आली, तोही उंबरठाच, आणि मी पाच वर्षं तो कागद कपाटात ठेवला. बायको म्हणायची, निदान नाटक नसेल तेव्हा तरी वेळेवर उठा. मी तिच्यावर चिडायचो. आता पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की मी उठतो, उंडे घेतो, अंगणात उजेडात उभा राहतो. मंडळी रागावली तरी दुसऱ्या अंकानंतर घरी येतो. भाच्याच्या लग्नातूनही आलो.

2024 साली ब्रिटनमधल्या 84 हजारांहून अधिक लोकांच्या मनगटांवर सात दिवस झोप मोजणारं यंत्र बांधून केलेला अभ्यास बाहेर आला. ज्यांच्या झोपेच्या तासांत रात्रीगणिक सरासरी एका तासाहून जास्त चढउतार होता, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका 34 टक्क्यांनी अधिक दिसला. वजन, खाणं-पिणं, बाकी आजार हिशेबात धरल्यावर आकडा उतरला, पण पुसला गेला नाही. यावरून झोपेमुळेच मधुमेह झाला असं सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण एक गजर लावायला अजून किती पुरावा हवा तुला?

आईचंही पूर्ण खरं नाही, हे तिला वाचून दाखव. जास्त झोप हे कधी कारण असतं, कधी लक्षण. नऊ-दहा तास झोपूनही डोळे जड राहत असतील, घोरत असशील, मन उदास असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांग. थायरॉइडही तपासून घे. माझं घोरणं घरात सगळ्यांना ठाऊक होतं, डॉक्टरांना मात्र मी कधी सांगितलं नाही. झोपेत श्वास अडकतो हे फार उशिरा निघालं.

दुपारी डोळा लागला तर लागू दे, अर्धा तास, चारनंतर नको. रात्रीचं जेवण अकराला नको. रात्री उशीर झाला तरी सकाळी मात्र साडेसहाच. पहिले दोन रविवार जड जातील, तिसऱ्यापासून रात्री आपोआप पेंग यायला लागेल.

डिसेंबरात पुन्हा रक्त तपास आणि कागद घेऊन ये. येत्या रविवारी साडेसहाला मी फोन करणार आहे. उचल.

तुझे,
सर