'ग्रोफाझ' ही पदवी की टवाळी?

प्रश्न असा आला आहे: दुसऱ्या महायुद्धावरच्या एका मराठी लेखात हिटलरच्या नावाआधी 'ग्रोफाझ' असं लावलेलं दिसलं. ही पदवी त्याने स्वतः घेतली होती का? आणि तिचा अर्थ काय?

पदवी नव्हे, टवाळी आहे. मात्र टवाळीचा कच्चा माल अस्सल दरबारी स्तुतीचा आहे, आणि सगळी खुमारी तिथेच आहे. जून 1940 मध्ये फ्रान्सने हात टेकले तेव्हा जर्मन सैन्याच्या वरिष्ठ कार्यालयाचा प्रमुख विल्हेल्म कायटल याने हिटलरला 'ग्र्योस्टर फेल्डहेर आलर त्साइटन' म्हटलं, असं मानलं जातं. म्हणजे 'सर्व काळांतला सर्वांत थोर सेनापती'. या चार शब्दांच्या सुरुवातीचे तुकडे जोडले की होतो ग्र्योफात्स. जर्मनमध्ये शेवटच्या अक्षराचा उच्चार 'त्स' असतो. 'झ' आपल्याकडे इंग्रजी वाचनातून आला. पहिला स्वरही मराठीत नाही: जीभ 'ए'ची ठेवून ओठ 'ओ'चे करायचे. तेवढा खटाटोप नको असेल तर 'ग्रोफात्स' चालेल, 'ग्रोफाझ' नको.

आता हे संक्षिप्त रूप विनोदी का वाटायचं? नाझी राजवटीला संक्षेपांची खोडच होती. 'गेस्टापो' हा शब्द आपण इतका सहज वापरतो की 'गुप्त राज्य पोलीस' या अर्थाच्या जर्मन शब्दांचे तुकडे जोडून तो बनवला आहे हे विसरतो. ग्रोफात्स त्याच साच्यातून काढलेला आहे. ऐकणाऱ्याला तो माणूस वाटत नाही, सरकारी खातं वाटतं. शिवाय शब्द फोडून दाखव म्हटलं तर आतून आरतीच निघते, शिवी सापडत नाही.

हा शब्द खऱ्या अर्थाने तोंडोतोंडी झाला तो रशियातल्या स्टालिनग्राडच्या पराभवानंतर. 31 जानेवारी 1943 ला फील्डमार्शल पाउलुस शरण गेला, 2 फेब्रुवारीला उरलेलं सैन्यही. सुमारे 91 हजार जर्मन सैनिक कैद झाले. त्यानंतर 'सर्व काळांतला थोर सेनापती' हे शब्द नुसते उच्चारले तरी पुरे होतं. वर काही जोडायची गरज उरली नाही.

स्तुती करणारा कायटलही सुटला नाही. त्याच्या आडनावाआधी सैन्यातल्या लोकांनी फक्त एक 'ला' लावला: लाकायटल. 'लाकाय' म्हणजे गणवेशातला नोकर, आपल्या भाषेत हुजऱ्या.

मला मात्र या सगळ्यांत सरस वाटतं ते गोरिंगचं नाव. हवाईदलाचा प्रमुख हेर्मान गोरिंग युद्धाच्या तोंडावर, 1939 मध्ये, बढाई मारून बसला होता की शत्रूचं एक जरी विमान रूरच्या औद्योगिक खोऱ्यावर आलं तर मला गोरिंग म्हणू नका, मायर म्हणा. मायर हे जर्मनीतलं अगदी सर्रास आडनाव, आणि 'तसं झालं तर माझं नाव मायर' हा तिथला रूढ वाक्प्रयोग. आपण 'मिशा उतरवून देईन' म्हणतो त्याच चालीचा. पुढे मे 1940 पासून रूरवर बॉम्ब पडू लागले आणि मे 1942 च्या अखेरीस एका रात्रीत हजारावर ब्रिटिश विमानांनी कोलोन भाजून काढलं. लोकांनी गोरिंगचा शब्द पाळला. तो मायर झाला. हवाई हल्ल्याच्या भोंग्यांना 'मायरची शिकारी शिंगं' म्हणू लागले, कारण हा गृहस्थ सगळ्या देशाचा मुख्य शिकारअधिकारी हे पदही मिरवत असे. पोकळ वचन आणि पदांची हौस, दोन्ही एका भोंग्यात.

ग्रोफात्स आणि मायर या दोन्ही नावांत लोकांनी स्वतःचं असं फारसं काही घातलेलं नाही. सत्तेच्या तोंडचे शब्द तिलाच परत केले. प्रचारमंत्री गोबेल्सच्या नावांत तेवढी कारागिरी नाही. त्याच्या लंगडण्यावरची नावं तर मला हिणकसच वाटतात. अपवाद एक: 'आटलेला जर्मन'. उंच, सोनेरी केसांच्या आर्यवंशाचे गोडवे गाणारा मंत्री स्वतः बुटका आणि काळ्या केसांचा, तेव्हा इथे टोला शरीरापेक्षा सिद्धांताला जास्त बसतो. पक्षाच्या तपकिरी-सोनेरी गणवेशातल्या पुढाऱ्यांना 'सोनेरी फेझंट' (फेझंट हा एक पक्षी) म्हणत, तेही छान.

ही करमणूक फुकट नव्हती. सरकारविरोधी कुजबुजीसाठी डिसेंबर 1934 चा खास कायदा होता, आणि युद्धकाळात 'लढण्याची जिद्द खच्ची करणे' या गुन्ह्याला देहदंड. बर्लिनमधल्या एका शस्त्रकारखान्यातल्या कामगार स्त्रीला 1944 मध्ये एका विनोदापायी मृत्युदंड झाला. विनोद असा: हिटलर आणि गोरिंग रेडिओच्या मनोऱ्यावर उभे आहेत. हिटलर म्हणतो, बर्लिनकरांना खूश करावंसं वाटतं. गोरिंग म्हणतो, मग उडी मारा की.

लोकशाही देशांतले सैनिकही आपल्या सेनापतींना सोडत नव्हते. फिलिपिन्समधल्या अमेरिकन शिपायांनी आपला सेनापती डग्लस मॅकार्थर याला 'डगआउट डग', म्हणजे खंदकात दडून बसणारा डग, म्हटलं. मॅकार्थर हल्ल्यांत उघड्यावर उभा राहत असे, त्यामुळे नाव अन्यायाचं होतं. पण फिलिपिन्सच्या बाटान द्वीपकल्पात उपाशी लढणाऱ्यांना तो भेटायला एकदाच आला, हेही खरं.

राहिला मराठीत लिहिण्याचा प्रश्न. 'मनसे', 'शेकाप' यांच्या चालीवर 'सकाथोसे', सर्व काळांतला थोर सेनापती, असं करता येईल. हसू येतं, पण लेखात टिकणार नाही. मूळ शब्दच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे फोड द्यावी. नावाआधी पदवीसारखा लावू नये. 'ग्रोफात्स हिटलर' चूक, नुसतं 'ग्रोफात्स' बरोबर. आणि 1940 च्या विजयाचं वर्णन करताना तो जर्मन जनतेच्या तोंडी घालू नये. तेव्हा ती स्तुती बहुतेकांना खरीच वाटत होती.