पॉइंट्स देतो म्हणतात, वर अपग्रेडही देतात, काय करू?

प्रश्न : माझ्या क्रेडिट कार्डची वार्षिक फी 1000 आहे. बंद करायला फोन केला तर म्हणाले थांबा, तीन महिन्यांत 50,000 खर्च करा, 1500 चे पॉइंट्स देतो. नाहीतर वरचं कार्ड घ्या, फी 3000 पण विमानतळावरचं लाउंज वगैरे आहे. दोन्ही फायद्याचंच वाटतंय, गोंधळ झालाय. काय घेऊ?

उत्तर : आधी एक विचारतो, बिल दर महिन्याला पूर्ण भरता ना? उरलेल्या रकमेवर व्याज चढत असेल तर पुढचं वाचूच नका, त्या व्याजापुढे कुठलेही पॉइंट्स टिकत नाहीत.

पूर्ण भरत असाल तर बघा, सगळे चुकतात कुठे तर फीची तुलना मिळणाऱ्या पॉइंट्सशी करतात. तुमचं कार्ड 2 टक्के परत देतं असं धरू, म्हणजे 50,000 खर्चात 1000 सुटले, फी वसूल, असं वाटतं, पण बिनफीचं साधं कार्डही 1 टक्का देत असेल तर तुम्हाला जास्तीचा मिळतो तो फक्त 1 टक्का, मग फी वसूल व्हायला 1,00,000 खर्च लागतो, डबल! हे कस्टमर केअरवाला सांगणार नाही, आणि का सांगेल?

आता ती 50,000 ची अट. महिन्याला तुमचा खर्च 8,000 असेल तर तीन महिन्यांत 24,000 होतात, उरलेले 26,000 कुठून आणणार? नको त्या वस्तू घेऊन 1500 कमावणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. पण एखादा मोठा खर्च तसाही येणारच असेल तर बिनधास्त घ्या. फक्त दोन गोष्टी विचारा, ते 1500 पॉइंट्स आहेत की बिलात वजा होणारी रक्कम, आणि ऑफर घेतल्यावर कार्ड वर्षभर ठेवावं लागतं का. पॉइंट्सची किंमत त्यांनी सांगितलेली धरू नका, तुम्ही खरोखर ज्यावर वापरता त्यावर किती पडते ते धरा.

अपग्रेडबद्दल मी जरा संशयीच आहे. नव्या ग्राहकाला जो जॉइनिंग बोनस मिळतो तो अपग्रेडवाल्याला बऱ्याचदा मिळत नाही, म्हणून तेच कार्ड नवीन अर्ज करून घेतलं तर काय मिळेल ते आधी बघा. लाउंज वर्षातून दोनदा वापरणार असाल तर त्याचे पैसे दोनदाच मोजा, दहादा नाही. (जास्त फी म्हणजे भारी कार्ड ही युक्ती जुनीच आहे, 1958 मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसने डायनर्स क्लब या दुसऱ्या कार्डाच्या 5 डॉलर फीवर मुद्दाम एक डॉलर जास्त लावला होता.)

आणि तुम्ही विचारलाच नाहीत असा तिसरा रस्ता म्हणजे डाउनग्रेड. त्याच बँकेचं बिनफीचं कार्ड मागा, बहुतेक वेळा जुनं खातं आणि लिमिट तसंच राहतं. कार्ड सरळ बंद केलं की एकूण लिमिट कमी होतं, मग तोच खर्च लिमिटच्या जास्त टक्के दिसतो आणि क्रेडिट स्कोअरला धक्का बसू शकतो. बंदच करायचं ठरलं तर पॉइंट्स आधी वापरून टाका, नाहीतर बरेचदा बुडतात. फी बिलात लागली असेल तर किती दिवसांत बंद केल्यास परत मिळते तेही त्याच फोनवर विचारून घ्या, आणि जे कबूल करतील ते मेसेज किंवा ईमेलवर मागा, पुढच्या वेळी फोन दुसराच कोणीतरी उचलतो आणि त्याला यातलं काहीच माहीत नसतं.