शाळेतल्या राजकारणाला कंटाळून मुलाला घरी शिकवू का?

वाई तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत, मुलगी पहिलीत. वडील शिरवळला कंपनीत जातात, आई घरी शिवणकाम करते. शाळा व्यवस्थापन समितीची निवड गावातल्या दोन गटांच्या भांडणात अडकली. वर्गशिक्षक मतदारयादीच्या कामाला जुंपलेले, पहिलीपासून हिंदीचा गोंधळ झाला तो वेगळा, आणि मुलांना आठवड्यातून एकदा मिळणारं अंडंही बंद झालं. लॉकडाऊनमध्ये मुलगा आईजवळ बसूनच वाचायला शिकला होता. म्हणून दोघांचेही दाखले काढून घरीच शिकवावं, असं त्यांच्या मनात आहे. आणखी एक काळजी आहे. मुलगा पहाटे उठून घरातल्या सगळ्यांचे डबे स्वतः करतो, रोज काहीतरी नवं करून बघतो. सासूबाई म्हणतात, पोरगं चुलीपुढनं हलत नाही, याचं पुढं व्हायचं कसं?

ताई, नमस्कार.

पत्राबरोबर तुम्ही मुलाच्या वहीच्या दोन पानांची झेरॉक्स पाठवलीत, ते फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पानांवरच आहे. त्याने लिहिलंय: पप्पा साडेसहाला निघतात, जेवतात एकला, तोवर दहीभात आंबट होतो. मग त्याने भात कोमट झाल्यावर त्यात दूध जास्त आणि दही नावाला घालून पाहिलं. जेवायच्या वेळेला डब्यातच दही लागलं. पुढे नोंद आहे, ‘थंडीत दोन चमचे, उन्हाळ्यात अर्धा चमचा पुरे’. खाली मटकीला मोड यायला किती वेळ लागला त्याचा तक्ता, चुलीजवळ ठेवलेली वेगळी आणि खिडकीत ठेवलेली वेगळी. बहीण पालक खात नाही म्हणून तो थालीपिठाच्या पिठात चिरून घातला आणि वाटीने गोल कापून छोटी थालीपिठं केली. त्यापुढे शेरा आहे, ‘तिने चार खाल्ली, पण तिला सांगायचं नाही’.

हे नुसतं स्वयंपाकाचं वेड समजू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहून ठेवायचं आणि खाणाऱ्याची आवड लक्षात ठेवायची, हे सगळं बारा वर्षांच्या मुलाने कोणी न सांगता केलंय. अन्नतंत्रज्ञान शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्या वर्षी हीच सवय लावावी लागते. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की मोठमोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यात आजही पुरुषच जास्त आहेत आणि त्या कामाला पगार आहे, मान आहे.

आता घरी शिकवण्याबद्दल. माझं मत सरळ सांगते: यंदा दाखला काढू नका. घरी शिकवणं चुकीचं आहे म्हणून हे सांगत नाही. मनापासून आणि विचार करून मुलांना घरी शिकवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्याकडे शाळा सोडण्याच्या कारणाइतकंच घरी राहण्याचंही कारण होतं. तुमच्या चार पानांच्या पत्रात शाळेविषयीचा राग साडेतीन पानं आहे. घरी दिवसभर काय करायचं, ते उरलेल्या अर्ध्या पानात उरकलंय. त्या वेळापत्रकात दहा ते चार तुम्ही दोन्ही मुलांना शिकवणार आहात. शिवणाच्या मशीनला त्यात कुठंच वेळ नाही. तुमची कमाई थांबली तर घराचं काय, हे लिहिलेलं नाही, आणि मिस्टरांचं मत काय तेही नाही. घरातलं शिक्षण सहा महिन्यांत मोडतं ते बहुतेक याच ठिकाणी. आई एकटी ओढत राहते, बाकीच्यांना वाटतं मुलं घरी रिकामी बसली आहेत.

मुलांच्या सोबतीचाही विचार करा. पुण्या-मुंबईत घरी शिकवणारी घरं एकमेकांना शोधतात, मुलं एकत्र भेटतात, खेळतात. तुमच्या गावात दहा ते पाच सगळी पोरं शाळेत असतील आणि तुमची दोघं घरात. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचीच शाळा बंद होती, म्हणून तेव्हा एकटं वाटलं नाही. ती वेळ वेगळी होती.

कागदांचं तुम्ही विचारलंय. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य सांगितलंय. ते न केल्याबद्दल पालकाला शिक्षा त्या कायद्यात नाही, पण तुमची मुलं शाळाबाह्य म्हणून नोंदली जातील आणि शिक्षक घरी चौकशीला येतील, एवढी तयारी ठेवा. परतीची वाट मात्र उघडी असते. वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात बसवून घेणं याच कायद्याने शाळेवर बंधनकारक आहे.

दहावीसाठी मुख्य मार्ग दोन. एक राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज. त्याला किमान पाचवी पास आणि वय १४ पूर्ण लागतं. दुसरा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेचा, म्हणजे सगळे एनआयओएस म्हणतात तो. तिथेही दहावीला १४ वर्षं पूर्ण हवीत. पाच विषय घ्यायचे, परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि पास झालेल्या विषयांचे गुण पाच वर्षं जमा राहतात. त्यात गृहविज्ञान हाही विषय आहे, तुमच्या मुलाला आवडेल असा. दोन्हीकडची प्रमाणपत्रं खरी आहेत, दुय्यम नाहीत. मध्यंतरी मुक्त विद्यालयाच्या मुलांना वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ला अडवणारा नियम आला होता, तो दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरवला. तेव्हा घरी शिकलं की करिअरचे दरवाजे बंद होतात, ही भीती काढून टाका. पण तुमचा मुलगा बारा वर्षांचा आहे. या दोन्ही रस्त्यांना लागायला अजून दोन वर्षं आहेत. तेवढा काळ तो कुठल्याच पटावर नसेल.

मुंबईच्या एका मुलीला दहावी-बारावी न करता २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला, ते उदाहरण तुम्ही दिलंय. ते खरं आहे. पण त्या मुलीने संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीनदा पदक मिळवलं होतं, आणि बारावी नसल्यामुळे आपल्या आयआयटीचं दार तिला बंदच होतं. त्या उदाहरणाच्या जोरावर आपला निर्णय घेऊ नये.

आणखी एक हिशेब करा. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अट अशी की मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असावं, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं आणि सातवीला ५५ टक्के असावेत. दाखला काढला की ही संधी गेली. चार वर्षांचे ४८,००० तुमच्या घरात लहान रक्कम नाही.

राजकारणाबद्दल तुमचा संताप मला पटतो, आणि त्यावर नुसतं ‘दुर्लक्ष करा’ असं मी म्हणणार नाही. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्याचा निर्णय १६ एप्रिल २०२५ ला आला, १७ जूनला बदलला आणि २९ जूनला दोन्ही आदेश मागे घेतले गेले. तुमची मुलगी त्याच जूनमध्ये पहिलीत गेली. पाठ्यपुस्तकं हातात आलेली असताना आईबापांनी रोज बातम्यांत बघायचं की आपलं पोर काय शिकणार, हे कुठल्याही पालकाला चीड आणणारंच आहे. अंड्याचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू केलं, जानेवारी २०२५ मध्ये निधी थांबवला आणि द्यायचं असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितलं. ज्या घरात अंडं आणणं परवडतं त्या घराला याने फरक पडत नाही. ज्या मुलांना ते फक्त शाळेतच मिळत होतं, त्यांचं गेलं. मला हे चुकीचंच वाटतं.

शिक्षकांच्या कामाचं मात्र एक समजून घ्या. शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामं देऊ नयेत असं कायद्यातच आहे, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांचा अपवाद ठेवलाय. तुमचे वर्गशिक्षक त्या अपवादात अडकले आहेत, त्यांच्यावर राग नको.

तुमची शाळा सातवीपर्यंतच आहे, असं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. ताई, याचा अर्थ असा की ज्या समितीमुळे तुम्ही मुलाचं शिक्षण बदलायला निघालात, तिच्याशी त्याचा संबंध काही महिन्यांत आपोआप संपतोय. जूनपासून तो हायस्कूलला जाईल. प्रश्न उरतो तो मुलीचा, आणि तिच्यासाठी त्या समितीत तुम्हीच जायला हवं. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. दोन्ही गटांना बाईमाणूस उभं करावंच लागतं, आणि बहुतेक वेळा ती सहीपुरती असते. तुम्ही सहीपुरत्या राहणार नाही, हे तुमच्या पत्रावरून दिसतं. अनुदान कुठं खर्च झालं हे विचारायचा समितीला हक्क आहे. मुलांना वाढण्याआधी शाळेतला आहार चाखून वहीत नोंद करायची असते, त्यासाठी पाळी लावून घ्या. आठवड्याच्या अंड्यासाठी गावातून वर्गणी काढायचा ठराव पहिल्याच बैठकीत मांडा. अशा कामाला दोन्ही गटांतल्या आया येतात, माझा तसा अनुभव आहे.

शाळेतलं राजकारण तुमच्या जिल्ह्याला नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. त्या काळी शाळेच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं, यापेक्षा मोठं राजकारण नव्हतं. त्या मुलांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. तुमच्या जवळच्या हायस्कूलपैकी एखादं रयतचं असेलच, आठवीसाठी आधी तिथे जाऊन बघा.

मुलासाठी आत्ता काय करता येईल? शाळेत परसबाग असेल तर तिची जबाबदारी त्याला मागून घ्या, नसेल तर मुख्याध्यापकांना सुरू करायला सांगा. सहावी ते आठवीच्या मुलाला शाळेच्या जेवणातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. बंद झालेल्या अंड्याइतकी प्रथिनं मटकी, शेंगदाणे, हरभरा यांतून किती रुपयांत भरून निघतील, हे त्याला काढायला सांगा. गणित, विज्ञान आणि गावच्या बाजारातले भाव, तिन्हींचा अभ्यास होईल, आणि तो आकडा समितीत तुमच्याही उपयोगी पडेल. घरी शिकवायची तुमची हौस आहे ना, ती संध्याकाळी एक तास आणि रविवारी अशी पुरवा. डबे त्याला करू द्या. फक्त परीक्षेच्या आठवड्यात ते काम तुमच्याकडे घ्या.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सातवीतल्या मुलाची दिशा आज पक्की करायची नसते. अन्नतंत्रज्ञानाचं बी.टेक. आपल्या राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांत होतं. त्यासाठी बारावी विज्ञान आणि एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा लागते, म्हणून गणित-विज्ञान सुटू देऊ नका. हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेला बारावी कुठल्याही शाखेतून चालते, पण इंग्रजी विषय हवा. इंग्रजीची त्याला भीती आहे असं तुम्ही लिहिलंय. तर मग डब्याच्या वहीतली रोजची एक नोंद त्याने इंग्रजीत लिहावी, मोडकीतोडकी चालेल. नववी संपताना तुम्हाला आणि मुख्य म्हणजे त्याला घरी शिकावंसं वाटलं, तर वय १४ झालेलं असेल आणि वर सांगितलेले दोन्ही मार्ग मोकळे असतील. तेव्हा मिस्टरांना बरोबर घेऊन या, चौघं बसून ठरवू.

एनएमएमएसचा अर्ज शाळेमार्फतच भरला जातो, म्हणून आठवीचा प्रवेश घेतानाच मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळायला वेळ लागतो, जूनमध्ये तिथे गर्दीही असते. तो मे महिन्यातच काढून ठेवा.